दिवाळी बोनस, मिठाईचा पुडा आणि भरीत पार्टी: खान्देशातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात गेली बावीस वर्षं लहान-मध्यम कारखान्यांची पगारपत्रकं करतो. डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइपवाले, दोन-चार जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने). नवरात्र बसलं की फोन सुरू होतात. कामगार विचारतात, "भाऊ, औंदा बोनसचं काय?" आणि मालक विचारतात, "कमीत कमी किती द्यावं लागेल?" दोघांनाही मी जे सांगतो, तेच इथे लिहून ठेवतो आहे. मालकांनीही वाचावं, कारण निम्मी भांडणं फक्त माहिती नसल्यामुळे होतात.

आजकाल बोनस देतात तरी का? की ते जुन्या काळातच राहिलं?

देतात. पण सगळे देत नाहीत, आणि देणाऱ्यांतही बरेच जण कमी देतात. माझ्या समोर येणाऱ्या पत्रकांवरून सांगतो: ज्या कारखान्यात वीसच्या वर माणसं आहेत, पगार बँकेत जमा होतो आणि पीएफ कापला जातो, तिथे बोनस बहुतेक वेळेवर होतो. जिथे पगार रोख, हजेरी वहीत पेन्सिलने, आणि निम्मी माणसं 'ठेकेदाराची', तिथे दिवाळीच्या आदल्या दिवशी एक पाकीट मिळतं. आत किती असेल ते मालकाच्या त्या दिवसाच्या मनावर.

बदल झाला आहे तो दुसरीकडे. पूर्वी दुकानदार नोकराला घरचा माणूस समजून कपडे, फराळ, पोरांना फटाके द्यायचा. आता मोठ्या शोरूममध्ये महिन्याच्या विक्रीवर 'इन्सेन्टिव्ह' देतात आणि दिवाळीला एक छापील शुभेच्छापत्र. पंधरा वर्षं त्याच दुकानात कापड फाडणाऱ्या माणसाला ते कार्ड हातात घेताना काय वाटत असेल, याचा विचार मालकांनी करावा असं मला मनापासून वाटतं.

बोनस ही मालकाची खुशी आहे की आपला हक्क?

कायदा लागू असलेल्या ठिकाणी हक्क. हे इतक्या स्पष्टपणे सांगावं लागतं, कारण 'बोनस' या शब्दातच वरकड मिळाल्याचा वास आहे.

सुरुवात खरोखर खुशीनेच झाली होती. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि महागाईही भडकली. तेव्हा १९१७ च्या सुमारास मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी 'युद्ध बोनस' दिला. पुढे तो बंद केला, तेव्हा १९२४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. त्यावर नेमलेल्या समितीने सांगितलं की कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही. तिथून हक्कापर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. स्वातंत्र्यानंतर बोनस आयोग बसला आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. तेव्हा किमान दर ४ टक्के होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत पुन्हा खाली ओढला गेला आणि १९७७ मध्ये परत ८.३३ वर आला.

हा आकडा असा विचित्र का, असं बरेच जण विचारतात. १०० ला १२ ने भागा. वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार.

खान्देशाला ही लढाई नवी नव्हती. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल, धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या, या सगळ्या ठिकाणी कामगारांची घरं गिरणीच्या भोंग्यावर चालत. साने गुरुजींना आपण अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले शिक्षक म्हणून ओळखतो, पण ते इथल्या गिरणी कामगारांसाठीही झटले. आज त्या गिरण्यांचे भोंगे गेले. त्या पिढीने मिळवलेला बोनस तेवढा शिल्लक आहे, म्हणून तो पुड्यावर सोडून देऊ नये.

कायदा नेमका कुणाला लागू होतो?

आधी एक बदल लक्षात घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि १९६५ चा बोनस कायदा तिच्यात सामावला गेला. मूळ गाभा तोच राहिला:

आस्थापनेत हिशेबाच्या वर्षात एखाद्या दिवशी जरी २० माणसं कामाला असतील, तर बोनसचं प्रकरण लागू. तुम्ही त्या वर्षात किमान ३० दिवस काम केलेलं हवं. पगाराला वरची मर्यादा आहे. जुन्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती महिना २१,००० रुपये होती. नव्या संहितेत आकडा लिहिलेला नाही, तो सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता, ओव्हरटाइम यात साधारणपणे धरत नाहीत.

शिक्षणसंस्था, आणि नफ्यासाठी नसलेली रुग्णालयं व समाजसेवी संस्था यांना हे लागू नाही. म्हणून खासगी इंग्रजी शाळेतल्या शिक्षिका मला विचारतात तेव्हा मला नाइलाजाने 'नाही' म्हणावं लागतं. आयटीआय करून शिकाऊ म्हणून लागलेल्या पोरांनाही कायद्याने बोनस नाही.

माझा बोनस किती व्हायला हवा, ते मी स्वतः कसं काढू?

कमीत कमी ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. मधला आकडा कंपनीच्या नफ्यावर ठरतो.

पण टक्के कशावर काढायचे, इथे फसवणूक होते. पूर्ण पगारावर टक्के निघतीलच असं नाही. जुन्या कायद्यात महिना ७,००० रुपये किंवा त्या कामाचं सरकारी किमान वेतन, यांपैकी जो आकडा मोठा तो धरायचा, असं होतं. नव्या संहितेतही रचना तीच, फक्त ७,००० च्या जागी अधिसूचनेतला आकडा. बरेच हिशेबनीस 'किमान वेतन' हा भाग सोयीस्कर विसरतात आणि सरसकट सात हजारांवर हिशेब करून मोकळे होतात.

फरक बघा. सात हजारांवर वर्षाचे ८४,००० झाले, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे ६,९९७ रुपये. आता समजा तुमच्या कामाचं किमान वेतन महिना १२,००० आहे. वर्षाचे १,४४,०००, त्यावर ८.३३ टक्के म्हणजे ११,९९५ रुपये. पाच हजारांचा फरक. चटईच्या कारखान्यात उभं राहून राबणाऱ्या बाईच्या घरात पाच हजार म्हणजे दोन पोरांची वर्षाची वह्या-पुस्तकं.

तुमच्या उद्योगाचं किमान वेतन किती, ते कामगार कार्यालयात विचारा. महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा आकडा चालत नाही.

दिवाळीलाच द्यायला हवा असं कायद्यात आहे का?

नाही. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा. वर्ष मार्चअखेर संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. दिवाळी त्याच्या आत येते म्हणून रिवाज आणि कायदा जुळून गेले.

तरी मी मालकांना नेहमी सांगतो की धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. आठ-दहा दिवस आधी द्या. कामगाराला फुले मार्केटात खरेदी करायची असते, डाळ-साखर-तेल भरायचं असतं, बहिणीला आणायला जायचं असतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मिळालेल्या पैशात निम्मी दिवाळी निघून गेलेली असते.

बोनसच्या बदल्यात मिठाईचा पुडा, साडी किंवा भांडी दिली तर चालतं का?

चालत नाही. नव्या संहितेत बोनस बँक खात्यात जमा करायचा, असं लिहिलं आहे. भेट हवी तेवढी द्या, पण ती वेगळी.

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. माझे वडील एका डाळ मिलमध्ये मशीनवर होते. एका वर्षी दिवाळीला सगळ्यांना स्टीलचा डबा आणि एक किलो सोनपापडी मिळाली. त्याआधी मुनीमजींनी एका छापील कागदावर सह्या घेतल्या होत्या. वडिलांना अक्षरओळख होती, पण रांगेत मागे माणसं, पुढे मुनीमजी, कोण वाचत बसतं? कागदावर लिहिलं होतं की अमुक रक्कम बोनस म्हणून रोख मिळाली. पुढच्या वर्षी एकाने विचारलं तेव्हा तोच कागद पुढे केला गेला. आईने तो डबा कित्येक वर्षं वापरला. मी कॉमर्सला गेलो आणि पुढे पगारपत्रकांच्या कामात आलो, त्यामागे त्या कागदाचा हात आहे.

म्हणून हात जोडून सांगतो: रक्कम कोरी असलेल्या कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. 'उद्या सही करतो' म्हणायला घाबरू नका. आणि सही केलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

शेठ म्हणतात, यंदा धंदा तोट्यात आहे. मग बोनस बुडाला का?

नाही. तोटा असला तरी किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. सूट आहे ती नव्या कारखान्याला: माल विकायला लागल्यापासून पहिली पाच वर्षं, ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षीचा बोनस.

कधी कधी शेठ खोटं बोलत नसतात, हेही सांगायला हवं. तूर महाग झाली, बाहेरून आयात आली, तयार डाळीचा भाव पडला की डाळ मिल खरंच अडचणीत येते. अशा वेळी दोन हप्त्यांत देण्याचं सगळ्यांसमोर ठरवून, तारीख लिहून दिलेली मी पाहिली आहे. फक्त दुसरा हप्ताही ३० नोव्हेंबरच्या आतच हवा.

मी मध्येच नोकरी सोडली. बाळंतपणाची रजा झाली. अपघातामुळे घरी होतो. मग?

नोकरी सोडली तरी त्या वर्षात ३० दिवस भरले असतील तर तेवढ्या काळाचा बोनस तुमचा आहे. भरपगारी बाळंतपणाची रजा आणि कामावर झालेल्या अपघातामुळे घरी राहिलेले दिवस कामाचे दिवस म्हणूनच धरतात.

बोनस पूर्ण जातो तो फसवणूक, चोरी, कामाच्या जागी दंगा-मारहाण किंवा मुद्दाम नासधूस केल्याबद्दल कामावरून काढलं तर. नव्या संहितेत लैंगिक छळाबद्दल शिक्षा झाली तर तेही आलं, आणि ते योग्यच झालं. उशिरा येतो, उलट उत्तर देतो, एवढ्यावरून बोनस रोखता येत नाही.

मी ठेकेदाराकडून लागलो आहे. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीने पैसे दिले नाहीत.

एमआयडीसीत सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. बोनस देण्याची पहिली जबाबदारी ठेकेदाराची. त्याने दिला नाही तर ज्या कंपनीच्या आवारात तुम्ही काम करता तिच्यावर ती येते, हे संहितेत आहे. त्यामुळे 'आमचा संबंध नाही' हे कंपनीचं उत्तर पुरेसं नाही.

तुमच्याजवळ पुरावा हवा: गेटपास, हजेरी कार्ड, पीएफचा क्रमांक, बँकेत आलेल्या पगाराचे मेसेज. ठेकेदार दरवर्षी नाव बदलून येतो आणि माणसं तीच असतात, अशा ठिकाणी तर हे कागद जपून ठेवाच.

जिनिंगमध्ये चार-पाच महिनेच काम असतं. हंगामी माणसाला बोनस कसा मिळणार?

मिळतो. ३० दिवस पूर्ण झाले की हंगामी माणूसही पात्र. अडचण वेळेची आहे. कापूस दसरा-दिवाळीच्या पुढे-मागे यायला लागतो, म्हणजे दिवाळीला माणूस नुकताच कामावर लागलेला असतो. त्याला जो बोनस मिळायचा असतो तो मागच्या हंगामाचा, आणि तेव्हा तो कदाचित दुसऱ्याच जिनिंगमध्ये होता. मालक म्हणतो, तू तर आता आलास.

यावर उपाय एकच: हंगाम संपवून घरी जाताना कामाचे दिवस आणि मिळालेली मजुरी लिहून घ्या, आणि दिवाळीआधी त्या जुन्या ठिकाणी जाऊन मागा. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडणाऱ्या बायांचंही असंच आहे. हाताची आग होत असताना किलोवर मजुरी मिळते, हजेरीची नोंद कुठेच नसते, आणि नोंद नाही म्हणून बोनस नाही. त्यांनी निदान आपली वही आपण ठेवावी.

आमच्या दुकानात सहाच माणसं आहेत. कायदा लागू नाही. मग काहीच नाही का?

कायद्याने नाही. पण जळगावच्या सराफ बाजारात, दाणा बाजारात, धुळ्याच्या आग्रा रोडवर मी असे मालक पाहिले आहेत, जे चार नोकर असूनही दरवर्षी न चुकता एक पगार देतात. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा झाली की पहिलं पाकीट सगळ्यात जुन्या नोकराला. हा मान मोठा असतो.

लहान दुकानदार मला विचारतात, किती द्यावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: जमत असेल तर एक महिन्याचा पगार. वर्ष पूर्ण झालं नसेल तर त्या प्रमाणात. आणि रक्कम कशी ठरते ते सगळ्यांना आधी सांगा. एकाला पाच हजार आणि दुसऱ्याला गुपचूप आठ हजार दिले, तर दिवाळी संपायच्या आत दुकानात दोन तट पडतात.

सालदाराचं काय? त्याला दिवाळी बोनस असतो का?

शहरातल्या वाचकांसाठी: सालदार म्हणजे शेतमालकाकडे वर्षभराच्या कराराने राहणारा गडी. खान्देशात त्याचं साल आखाजीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होतं. आखाजीला हिशेब होतो, जुना गडी राहणार की नवा ठरणार ते ठरतं, वर्षाची रक्कम ठरते आणि त्यातली काही उचल हातात पडते. त्यामुळे सालदाराचा खरा आर्थिक सण आखाजी. पोळ्याला बैलांबरोबर त्यालाही नवे कपडे, आणि दिवाळीला फराळ व थोडी रोख, असा रिवाज.

बोनसचा कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. सगळं तोंडी ठरतं. सालदार आता मिळेनासे झाले म्हणून शेतकरी कुरकुरतात, आणि त्यात तथ्यही आहे. केळीचं पाणी रात्री-बेरात्री कोण बघणार? पण रात्रीची लाइट असते म्हणून थंडीत दोन वाजता मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाचं साल ठरवताना दिवाळीचे आणि आजारपणाचे पैसे त्याच वेळी वेगळे बोलून ठरवावेत. आखाजीला बोललेलं कार्तिकात आठवत नाही म्हणून ते एका कागदावर लिहावं. दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. यात कुणाचाही अपमान नाही.

भुसावळच्या रेल्वेवाल्यांना एवढा बोनस मिळतो, मग आम्हाला का नाही?

त्यांचा बोनस वेगळ्या पद्धतीचा आहे, उत्पादकतेशी जोडलेला. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात बोनस ही मोठी मागणी होती. संप मोडला गेला, पण १९७९-८० पासून रेल्वेत हा बोनस सुरू झाला. गेली अनेक वर्षं तो ७८ दिवसांचा मिळतो आणि बहुधा दसऱ्याआधी. मात्र हिशेब महिना ७,००० रुपयेच धरून होतो, त्यामुळे जास्तीत जास्त रक्कम १७,९५१ रुपये. बाजारात ऐकू येणारे मोठमोठे आकडे त्यात नाहीत.

अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना राज्य सरकार 'भाऊबीज भेट' देतं. ती २,००० रुपयांची आहे. सातपुड्यातल्या पाड्यावर चढून जाणाऱ्या बाईला भाऊबीज म्हणून दोन हजार देताना सरकारने तिच्या कामाकडे एकदा नीट पाहावं, एवढंच म्हणतो.

पुण्यात मुलगी नोकरीला आहे. तिथे डिसेंबरात नाताळ पार्टी असते, 'सीक्रेट सांता' असतो. आपल्याकडे का नाही?

त्या कंपन्यांचे ग्राहक आणि मालक बऱ्याचदा परदेशात असतात, म्हणून त्यांचं कॅलेंडर इकडे आलं. तिकडे नाताळ म्हणजे आपली दिवाळी. फिलिपिन्समध्ये तर १९७५ पासून 'तेरावा पगार' कायद्याने सक्तीचा आहे आणि तो २४ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये वर्षाच्या स्टाफ पार्टीवर माणशी १५० पौंडांपर्यंत खर्च झाला तर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. इतकी ती पार्टी तिथल्या नोकरीचा भाग झालेली आहे.

तेरावा पगार आणि आपला ८.३३ टक्के यांचं गणित एकच आहे, हे मुलीला सांगा. तिचा पगार मर्यादेच्या वर असेल तर तिला कायद्याने बोनस नाही. ऑफर लेटरमध्ये 'व्हेरिएबल' म्हणून जे लिहिलं असेल तेच तिचं.

आणि डिसेंबरात आपल्याकडे काही नाही, असं कोण म्हणतं?

म्हणजे भरीत पार्टी? ती स्टाफसाठी खरंच करतात का?

करतात, आणि माझ्या मते खान्देशातली खरी स्टाफ पार्टी तीच. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की हंगाम रंगात येतो. असोदा, भादली, बामणोद भागातली ती मोठी, हिरवट, कमी बियांची वांगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी भांड्यात ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कुणाच्या तरी मळ्यात, विहिरीच्या काठावर, केळीच्या पानावर.

हॉटेलातल्या जेवणात साहेब एका टेबलावर आणि हेल्पर दुसऱ्या टेबलावर बसतो. भरताला तसं होत नाही. वांगी भाजताना धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो, सोलायला सगळेच बसतात. एका कारखान्यात मॅनेजरला वांगं सोलता येईना, तेव्हा पॅकिंगमधल्या एका मावशींनी ते त्याच्या हातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आणा साहेब, तुमचं काम नाही ते." त्यानंतर त्या मावशी ऑफिसात येऊन स्वतःच्या पीएफबद्दल विचारायला लागल्या. आधी दारातूनच परत जायच्या.

मात्र ठेवायची असेल तर नीट ठेवा. दुपारी ठेवा. रात्री ठेवली की बायका येत नाहीत, आणि मग ती अर्ध्याच स्टाफची पार्टी होते. येण्या-जाण्याची गाडी कंपनीची हवी. दारू नको. संध्याकाळी सगळे दुचाकीवर हायवेने परतणार असतात, आणि ते दुःख मी एकदा जवळून पाहिलं आहे. ठेकेदाराच्या माणसांना आणि वॉचमनला वगळू नका. पगारातून वर्गणी कापू नका. आणि बोनस बुडवून भरीत खाऊ घालू नका. ते कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

नवापूर भागातले आमचे कामगार ख्रिस्ती आहेत. त्यांना बोनस नाताळला दिला तर?

नवापूर तालुक्यात आदिवासी ख्रिस्ती कुटुंबं बरीच आहेत, त्यांचा वर्षाचा सण नाताळ. पण मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कारखान्याला ३० नोव्हेंबरच्या पुढे जाता येत नाही, म्हणून बोनस वेळेतच द्या. नाताळला वेगळी भेट, आठवडाभराची सुट्टी आणि हवी असल्यास उचल, असं एक जिनिंगवाले करतात. त्यांची माणसं हंगामाच्या ऐन भरात २४ डिसेंबरला गावी जातात आणि ठरल्या दिवशी परत येतात. सुट्टी नाकारणाऱ्यांची माणसं न सांगताच जातात.

रमजान ईद दिवाळीच्या खूप आधी आली, तर मुस्लिम कामगाराला बोनसमधला काही भाग आगाऊ देऊन नंतर वळता करता येतो. कायद्यात त्याला जागा आहे. ते लेखी करा म्हणजे झालं.

दिवाळीला मिळालेली उचल म्हणजेच बोनस का?

नाही. उचल तुमच्या पुढच्या पगारातून कापली जाणार. बोनस कापला जात नाही. पाकीट हातात घेताना एवढं एकच विचारा: "हे परत कापणार का?"

घरकाम करणाऱ्या ताईंना काय द्यावं?

एक महिन्याचा पगार, रोख, दिवाळीच्या आठवडाभर आधी. जुन्या साड्या हा बोनस नव्हे. त्या तीन घरी काम करत असतील तर तिन्ही घरांनी आपापला द्यावा. "त्या वरच्या काकूंनी दिला असेलच" असं म्हणून कुणीच देत नाही.

बोनसवर पीएफ किंवा टॅक्स कापतात का?

पीएफ कापत नाहीत. आयकरासाठी बोनस पगारातच धरला जातो, पण ज्यांना हा बोनस मिळतो त्यांपैकी बहुतेकांचं उत्पन्न कराच्या मर्यादेत पोचत नाही.

दिलाच नाही, किंवा कमी दिला. तक्रार कुठे आणि कधीपर्यंत?

आधी लेखी मागा, शक्यतो चार-पाच जणांनी मिळून. एकट्याने मागितलं की त्याला दुसऱ्या दिवशी 'काम नाही' सांगतात. नाहीच दिला तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज करा. नव्या संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती एकच वर्ष होती. अर्ज तुम्ही स्वतः करू शकता किंवा तुमची संघटना करू शकते. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. कमी पैसे देणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अर्जात काय लिहायचं ते सोपं आहे: तुमचं नाव, कामाचं ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत काम केलं, महिन्याचा पगार, किती बोनस मिळाला, किती मिळायला हवा होता. सोबत पगाराच्या मेसेजची प्रत जोडा. दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी दर रविवारी सकाळी घरी बसून असे अर्ज लिहून देतो. त्याचे पैसे घेत नाही. येताना तेवढं पासबुक भरून आणा.